अण्णाच्या गळ्यातलं आयोडीन

आमचा अण्णा लहानपणापासून भित्रा. हे मी त्याची धाकटी बहीण म्हणून सांगते, आणि तो हे वाचणार नाही म्हणून बिनधास्त सांगते. तंजावरातल्या आमच्या बहुतेक मराठी घरांतल्या माणसांसारखं त्यालाही मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मला येतं, कारण वडिलांनी मला रोज पाटी घेऊन बसवलं आणि अण्णा त्या वेळी मागच्या दाराने पळाला.

पाल, वीज, भरधाव टाउन बस, सरकारी शिक्क्याचं पाकीट, या सगळ्यांना तो घाबरायचा. फक्त एका जागी तो वाघ होता. एकतीस वर्षं तो कॉलेजच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होता, आणि तिथे शिशाच्या डबीतला किरणोत्सारी तुकडा चिमट्याने उचलताना त्याचा हात कधी हलला नाही. पोरं मागे सरकली की तो हसायचा. "भिऊ नका. लांब उभे राहा, पटकन काम उरका, मधे शिसं ठेवा. मग हा तुमचं काही करत नाही." अण्णाचे, म्हणजे सूर्यनारायण सरांचे, हे तीन नियम तंजावरातल्या निम्म्या इंजिनियरांना आजही पाठ आहेत.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्याचं वजन उतरू लागलं. बोटं थरथरायला लागली, छाती धडधडायची, घाम सुटायचा, बसल्या जागी दचकायचा. आम्ही म्हटलं, भित्रा आहेच, आता म्हातारा भित्रा झाला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी पिसाळल्यासारखी काम करतेय. त्यानंतर भीती किती अण्णाची आणि किती ग्रंथीची, हे कुणालाच सांगता येईना. गोळ्या त्याला सोसल्या नाहीत. शेवटी तिरुच्चीच्या एका इस्पितळात किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल द्यायचं ठरलं. ग्रंथी आयोडीनवर तुटून पडते, आणि ते आयोडीन तिला आतून जाळतं.

"घरात कोणी गरोदर आहे?" डॉक्टरांनी विचारलं. मी शेजारीच बसले होते. अण्णाचा चेहरा पांढरा पडला.

त्याची एकुलती एक मुलगी विनुता सातव्या महिन्यात होती. आठवडाभरापूर्वीच वळैकाप्पू, म्हणजे बांगड्या भरण्याचं डोहाळजेवण, झालं होतं. आमच्याकडे मराठी घरांतही ते तमिळ रीतीनंच होतं, आणि बांगड्या भरल्या की मुलीला बाळंतपणासाठी माहेरी आणतात. तिला पापनाशमहून आणून चार दिवससुद्धा झाले नव्हते. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे गरोदर बाई आणि लहान मूल तुमच्या आसपास नको. कॅप्सूल पुढे ढकला म्हणावं, तर अण्णाच्या हृदयाचे ठोके चुकत होते, थांबणंही शक्य नव्हतं. विनुताची पुन्हा पापनाशमला, सासरी रवानगी झाली. सरोजा वहिनी दारात उभी राहून रडली. भरल्या बांगड्यांनी आलेली मुलगी परत पाठवायची, हे तिला अशुभ वाटलं, आणि तिने ते बोलूनही दाखवलं.

अण्णाने कॅप्सूल गिळून आम्ही घरी आलो त्या दिवशी वहिनीने दारातूनच विचारलं, "मी काय काय करूं? अस्कं नीट सांगा." बिचारीने सरळ विचारलं होतं, सगळं सांगा म्हणून. अंतर, वेळ, थुंकी, घाम, कपडे, सगळं सांगायला हवं होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना समजावणारा माणूस स्वतःच्या बायकोला म्हणाला, "सरोजा, मज सुतक आलंय असं समज. मी सांगेपर्यंत." इस्पितळाने दिलेला इंग्रजी कागद त्याने उशीखाली सारला आणि तो मागच्या खोलीत गेला.

सुतक म्हटल्यावर वहिनीला काही विचारायचं उरलं नाही. त्यात ती पारंगत. तिने त्याचं ताट, कॉफीचा दवरा-टंबलर, पाण्याचा चेंबू वेगळे काढले. कपडे वेगळे, जेवण उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचं, देवाची खोली बंद. मला वाटलं, वा, बेष, अण्णाने एका शब्दात काम केलं. माझीही अक्कल तेवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले. अण्णा खोलीच्या टोकाला, तोंडावर टॉवेल धरून. मी म्हटलं, "तोंड कां झाकलंयस? खोकला आहे?"

"श्वास," तो म्हणाला. "महालक्ष्मी, तुज ठाऊक आहे, हिकडे गळ्यात काय चाललंय?"

मी पोस्टात नोकरी केलेली बाई. मला काय ठाऊक असणार. मग त्याने सांगितलं, आणि टॉवेलामागून येणारा तो कापरा आवाज मला अजून ऐकू येतो. आयोडीनच्या अणूत मध्ये केंद्रक, त्याच्याभोवती त्रेपन्न इलेक्ट्रॉन, पंगतीत बसल्यासारखे, काही आतल्या रांगेत, काही बाहेरच्या. एक दिवस केंद्रकातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो आणि एक नवाच इलेक्ट्रॉन बाहेर भिरकावतो. हा पंगतीतला नव्हे, आतून आलेला. तो इतक्या वेगात जातो की पंगतीत थांबत नाही. तोच ग्रंथीला भाजतो.

"आणि बसलेले त्रेपन्न?" मी विचारलं.

त्याने टॉवेल सारखा केला. मग म्हणाला, "एकतीस वर्षांत पोरांनी हे विचारलं की मी म्हणायचो, होतात ते जागेवर, पुढचं लिहा." आता मात्र तो अंथरुणावर पडून त्याच त्रेपन्नांचा विचार करत होता. केंद्रकाची ओढ अचानक चोपन्नाची होते, पण बसलेले त्रेपन्नच. सगळे थोडे आत खेचले जातात. त्या धक्क्यात कधी बाहेरच्या रांगेतला एखादा उठूनही जातो. अणू शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून इलेक्ट्रॉन ओढून चोपन्न पुरे करतो, आणि तो आयोडीन राहत नाही, झेनॉन होतो. झेनॉनचं कुणाशी नातं जमत नाही. ज्या रेणूला तो धरून होता तो हात सुटतो, तो रक्तात जातो, रक्तातून फुप्फुसात, आणि श्वासावाटे बाहेर.

"म्हणजे गेला. बरंच झालं की."

"शंभरात नव्व्याण्णव बरे झाले. एक बरा होत नाही." शंभरातल्या एका झेनॉनचं केंद्रक तसंच खवळलेलं राहतं, कित्येक दिवस. शांत होताना ते आपली ताकद बहुतेक वेळा अगदी आतल्या रांगेतल्या एका इलेक्ट्रॉनला देतं आणि तो उडून जातो. त्याची रिकामी जागा भरायला मागचा पुढे येतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा, आणि प्रत्येक सरकण्यागणिक काहीतरी बाहेर पडतं. "तो एक माझ्या श्वासात असतो," अण्णा म्हणाला. "दर सेकंदाला वीस कोटी अणू फुटूनलागलेत हिकडे. त्यांचा शंभरावा हिस्सा काढ." मी तो काढला नाही. मी खुर्ची आणखी दोन हात मागे घेतली.

नंतर एका जाणत्याने सांगितलं, श्वासातल्या त्या झेनॉनची भीती धरण्यात काही अर्थ नव्हता. तो बाहेर पडून हवेत विरून जातो. लांबवर पोचतात ते गळ्यातून थेट निघणारे गॅमा किरण. अण्णाला हे वर्गात विचारलं असतं तर त्याने झोपेत सांगितलं असतं. पण घाबरलेल्या हुशार माणसाची हुशारी नेमकी नको तिथे धावते. श्वास घराबाहेर जावा म्हणून त्याने त्या दिवशी खाट ओढून मागच्या खिडकीला लावली. उशी थेट गजांपाशी.

तिसऱ्या दिवशी मी मुलाकडे चेन्नईला गेले. आठवडाभरात काय बिघडणार, असं म्हणून गेले.

नवव्या दिवशी सकाळी परतले. अण्णाच्या घरासाठी थोडी भाजी घेतली होती, ती थेट मागच्या स्वयंपाकघरात द्यावी म्हणून गल्लीतून न जाता मागच्या बोळातून परसात शिरले. परसात अण्णाच्या खिडकीखाली एक दगडी बाक आहे, पेरूच्या सावलीतला. घरातली सगळ्यात गार जागा ती. त्या बाकावर विनुता बसली होती. पाय पसरलेले, पाठ भिंतीला, डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलेलं, दोन्ही हात पोटावर. आतल्या उशीपासून तिचं पोट हाताच्या अंतरावर होतं.

माझ्या हातातली पिशवी पडली. "ऊठ!" मी ओरडले. "विनुता, ऊठ तिथून! तू हिकडे कशी?"

ती घाबरून उठली, तोल गेला, पेरूचं खोड धरून सावरली. वहिनी धावत आली. "काय झालं? ओरडतांस कां? ती शिवलेली नाही त्यांना. खोलीत पाऊलसुद्धा घातलेलं नाही."

"कधी आली ही?"

"चौथ्या दिवशी. पापनाशमला पाय सुजले, झोप नाही, फोनवर रडूनलागली होती. मी गेले, न हिला घेऊन आले." आणि मग तिने अत्यंत शांतपणे, मला शिकवल्यासारखं सांगितलं, "लग्न झालेल्या मुलीस माहेरचं सुतक तीनच दिवस. तीन आठवडे घरच्यांना. विनुताचं गोत्र बदललंय, हे त्या डॉक्टरास काय ठाऊक?"

मला हसायलाही येईना, रागावताही येईना. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला सुतक सांगितलं होतं, तिने सुतक पाळलं. सुतक भिंतीतून जात नाही, खिडकीच्या गजांतून येत नाही, शिवल्याशिवाय लागत नाही. विनुता आईच्या तोंडून 'तीन दिवस' ऐकून आली होती; तिला वाटलं, डॉक्टरांनीच मुदत कमी केली असेल. अप्पांनी, म्हणजे अण्णाने, ओरडू नये म्हणून दोघींनी त्याला पत्ता लागू दिला नव्हता. रोज सकाळी तीन तास ती तिथे बसायची, कारण तिथेच तिला बरं वाटायचं.

खिडकीत अण्णा उभा होता. टॉवेल गळून पडला होता. तो मागे मागे सरकत गेला, पलीकडच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत, आणि तिथेही सरकतच होता.

मी कार्तिकला फोन लावला. कार्तिक अण्णाचा जुना विद्यार्थी, आता तिरुच्चीच्या त्याच इस्पितळात किरणांच्या सुरक्षेचं काम बघतो. दुपारपर्यंत तो मीटर घेऊन आला. विनुताला मी तोवर माझ्या घरी नेलं होतं. अण्णाला खाटेवर पूर्वीसारखं निजवून कार्तिकने मीटर बाकावर धरला, पोटाच्या उंचीला. त्या यंत्रातून टकटक निघायला लागली, एकमेकांवर चढणारी, थांबायचं नाव नाही. वहिनीने आयुष्यात पहिल्यांदाच ते ऐकलं. तिने कानांवर हात घेतले आणि मटकन खाली बसली. त्या आवाजाने तिला समजलं, जे अण्णाने एका वाक्यात समजावलं असतं.

"किती वेळ बसायची? नेमकं सांगा," कार्तिकने विचारलं. वहिनी कानांवरचे हात काढेना. मीच विनुताला फोन करून विचारलं. त्याने कागदावर मांडलं, पुन्हा मांडलं, मग खिडकीपाशी आला. "सर, जमिनीतून, न आभाळातून, आपल्या अस्क्यांना जे रोज मिळतं ना, ते महिना-दीड महिन्यात जेवढं साचतं, तेवढं झालंय. मर्यादेच्या आत आहे. तिने तुमचं उष्टं खाल्लं नाही, तुमच्या भांड्यातून प्याली नाही, ही मोठी गोष्ट. आयोडीन पोटात गेलं असतं तर बाळाच्या ग्रंथीने ते उचललं असतं. तसं झालेलं नाही."

वहिनीची वेगळी भांडी, वेगळं ताट, त्यानेच बाळ वाचलं होतं. पण ते तिने ऐकलंच नाही.

अण्णा आतून म्हणाला, "कार्तिक, हे सरासरीचं झालं. एखादा अणू..."

"सर, तुम्हीच शिकवलंत, आकड्यावर विश्वास ठेवा."

"शिकवत होतो तेव्हा पोटातलं मूल माझं नव्हतं," अण्णा म्हणाला, आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

पुढचे दोन महिने त्या घरात मला जावंसं वाटायचं नाही. विनुता माझ्याकडेच राहिली. तीन आठवडे उलटले, मग पाच. अण्णाची थरथर थांबली, वजन वाढलं, ग्रंथी शांत झाली, आणि तरीही तो घाबरलेलाच राहिला, म्हणजे आता ही भीती त्याची स्वतःची होती. रोज फोन करून विचारायचा, बाळ हलतंय ना? किती वेळा हललं? वहिनीची तऱ्हा निराळी. ती काहीच विचारायची नाही. एक वेळ जेवायची, मंगळवार-शुक्रवार तेही नाही. माझ्या दारापर्यंत डबा घेऊन यायची आणि विनुताला हाक न मारता पायरीवर ठेवून जायची. मी एकदा हात धरून आत ओढलं, तर म्हणाली, "नोको. मीच नेऊन बसवलं तिला तिथे. माझ्या हातानं."

मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी, डोक्यावर काळंभोर जावळ, रडणं असं की वॉर्डातल्या नर्सा हसल्या. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. नव्या बाळांची थायरॉइड तपासतात तसा. तो अहवाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत माझ्या जिवाचंही पाणी झालं, हे कबूल करते. वरून मी सगळ्यांना रागावत होते, आणि रात्री बाळाच्या गळ्याकडे बघत बसत होते.

अहवाल आला. सगळं व्यवस्थित. विनुताने तो मोठ्याने दोनदा वाचला. आम्ही बाळाला घेऊन अण्णाच्या घरी गेलो. आरती झाली, विनुता पाटावर बसली आणि बाळ आईपुढे धरून म्हणाली, "अम्मा, घे ना."

वहिनी मागे सरली. दोन्ही हात पाठीमागे नेले. "नोको कण्णा, नोको बाळा. कागद बेष आला, देव पावला. पण माझा हात नोको लागायला. ज्या हातानं मी तुज तिथं..." आणि ती रडायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

अण्णा दाराशी उभा होता. त्याने खांब धरला. मला वाटलं चक्कर येतेय.

"सरोजा," तो म्हणाला. "मज ठाऊक होतं."

"काय?"

"ती बाहेर बसते ते. चौथ्याच दिवशी कळलं. बांगड्या वाजायच्या. गळ्यात वीस कोटी म्हणून मी आत मरूनलागलो होतो, न बाहेर हिच्या बांगड्या वाजल्या की मज झोप यायची. मी म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगतो. रोज म्हटलं." त्याने खांबाला डोकं टेकलं. "एकट्याला भीती वाटायची. म्हणून सांगितलं नाही. नंतर अस्के तुज बोलले, तेव्हाही सांगितलं नाही."

विनुताने बापाकडे पाहिलं, मग खाली मांडीकडे. मला माझा भाऊ साठ वर्षांत पहिल्यांदा ओळखू आला, आणि खरं सांगते, मला त्याचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही एकाच वेळी कुठे ठेवावेत ते कळेना.

वहिनीचं रडणं थांबलं होतं. तिने पदराने डोळे पुसले, हात पुसले. "दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने मी या घरात उपाशी फिरले, न तुमी बघूनलागलात." तिने वाकून विनुताच्या हातातून बाळ घेतलं, मान नीट सांभाळून, छातीशी धरलं. विनुताला खुणेनेच चल म्हणाली. दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लागलं. आतून कडी चढल्याचा आवाज झाला.

अण्णा दोन पावलं पुढे गेला आणि दारापाशी थबकला. हात उचलला, पण वाजवलं नाही. आत बाळ रडायला लागलं, मग वहिनी त्याच्याशी काहीतरी बोलू लागली, हळू, मराठीतच. तो तसाच उभा राहिला. मी त्याला बस म्हटलं नाही.